भाच्याने गिळलेली चोच

माझ्या भाच्याने सहाव्या महिन्यात पोपटाची चोच गिळली, असं अकोल्यातल्या एका गल्लीत कित्येक वर्षं मानलं जात होतं. यात पोपटाचा काही दोष नव्हता. पोपट कापडाचा होता आणि तो मी शिवला होता.

तेव्हा आम्ही अमरावतीला राहत होतो. लग्न ठरताना माझ्या आईने मुलाकडच्यांना सांगून ठेवलं होतं, "आमची शालू मशीनवर काय वाटेल ते शिवते!" (मी तोवर एक परकर आणि एक उशीचा अभ्रा शिवला होता. अभ्र्यात उशी जात नव्हती.) त्यामुळे साठ सालच्या सुमारास माझ्या नणंदेच्या, कुसुमच्या मुलाचं उष्टावण ठरलं, तेव्हा सासूबाईंनी मशीनवरचं झाकण काढलं आणि म्हणाल्या, "सूनबाई, लेकराले दुपटं शिव. तुह्या मायनं लय तारीफ केली होती. पाहू तं दे!"

साधं दुपटं शिवलं असतं तर हे सगळं सांगायची वेळच आली नसती. पण एका मैत्रिणीकडे मी पॅचवर्क पाहून आले होते. रंगीत कापडाचे हत्ती, मासे, पोपट कापायचे आणि मशीनने दुपट्यावर टिपायचे. झालं! मी कात्री घेऊन बसले. सासूबाई तांदूळ निवडायला नेमक्या समोर बसल्या.

"कडा दुमडून घे व. सुटतीन त्या."

"दुमडल्या की हत्ती जाड दिसतो, आई."

"हत्ती जाडच असते!"

मी ऐकलं नाही.

"अन् हा चमकता दोरा कायले? घरात सुती रीळ आहे ना."

"रेशमी दोरा उठून दिसतो."

"उठून दिसते अन् उठून जाते! चिकना असते तो, गाठ धरत नाही. अन् टीप एवढी मोठी काहून ठेवली?"

"हल्ली तशीच फॅशन आहे."

(अशी कुठलीही फॅशन नव्हती. मोठ्या टिपेने मासा लवकर संपत होता, एवढंच.)

दुपटं दिसायला मात्र झकास झालं! पोपटाला तर मी लालभडक कापडाची वेगळी चोच लावली. नखाएवढी. आमचे हे म्हणाले, "वा! आता बोलंल असा वाटते." सासूबाईंनी सुती रीळ पुन्हा डब्यात टाकलं आणि झाकण जरा जोरात लावलं.

उष्टावणाच्या दिवशी सकाळी बडनेऱ्याहून गाडीत बसलो. हे, सासूबाई, मी आणि माझ्या मांडीवर, सगळ्यांना दिसेल असं, ते दुपटं. मूर्तिजापूर आलं तेव्हा शेजारच्या बाईने कौतुकाने मासा चाचपला आणि ती दचकली.

"बाई, हे तुमचं आहे काय?"

तिच्या चिमटीत माशाची शेपटी होती!

"शेपटीबिगर बी मासाच दिसते," यांनी धीर दिला. मी शेपटी बटव्यात टाकली. सासूबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या आणि अकोला येईपर्यंत बाहेरच पाहत राहिल्या.

कुसुमच्या घरी पोचलो तर उत्सवमूर्ती, म्हणजे आमचा बंडू, टाहो फोडत होता. मी त्याला तस्सं दुपट्यात गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि काय आश्चर्य, गडी गप्प!

"पाह्य व, वयनीचा हात लागला अन् शांत झाला!" कुसुम म्हणाली. मी फुलून गेले. तेवढ्यात तिच्या सासूबाई येताना दिसल्या. मी बंडू कुसुमकडे दिला, डोक्यावरून घट्ट पदर घेतला आणि नमस्काराला वाकले.

त्यांनी बंडूभोवतीचं दुपटं काढून पसरलं, चष्मा लावला आणि तपासणी सुरू केली.

"हा हत्ती. हा मासा. याले शेपटी नाही."

"त्या जातीला नसते," मी म्हणाले.

"अन् हा पोपट. याची चोच कोठी आहे?"

सगळे वाकले. चोचीच्या जागी सुईची भोकं होती आणि रेशमी दोऱ्याचं एक टोक वर आलं होतं. आणि नेमका त्याच क्षणी बंडू मिटक्या मारत काहीतरी चघळत होता!

"माय व!" कुसुम किंचाळली. "लेकरानं चोच गियली!"

पुढचं काही विचारू नका. एकीने बंडूच्या तोंडात बोट घातलं, दुसरीने त्याला उलटा धरला, तिसरी तूप आणायला धावली. शेजारीण कुंपणापलीकडून ओरडली, "जित्त्या पोपटाची काय?" आणि बातमी गल्लीत पोचेपर्यंत पोपटाने बंडूला चावा घेतला होता. एकजण काठी घेऊन पोपट शोधू लागला! उष्टावणाचा मान मामाचा, म्हणून आमचे हे चांदीची वाटी धरून पाटापाशी बसले होते. "मंग मी खीर भरवू का नको?" ते दर थोड्या वेळाने विचारत होते.

आज हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. कुसुमचं पहिलंच मूल होतं ते.

डॉक्टर कोपऱ्यावरच राहत. आम्ही सगळ्या बायका तिथे घुसलो. डॉक्टरांनी बंडूचा घसा पाहिला, छाती तपासली. बंडू त्यांच्याकडे पाहून हसला.

"चोच कोणत्या रंगाची होती?"

"लाल," मी म्हणाले.

"मग गिळली नसंल. तोंडात गेली असती तर रंग सुटून जीभ लाल झाली असती."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडणार, तोच मी ताडकन म्हणाले, "छे! माझ्या कापडाचा रंग पक्का आहे!"

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीला टेकले.

"असं असंल तर घ्या त्याले जरा खांद्यावर, पाठ थोपटून पाहू," डॉक्टर म्हणाले. मीच पुढे होऊन घेतलं. बंडूने दोन्ही हातांनी माझा पदर ओढला, तो डोक्यावरून खाली आला आणि स्वारीने माझ्या अंबाड्यात हात घातला. बाहेर काढला तेव्हा मुठीत लाल काहीतरी होतं.

"चोच!" कुसुम ओरडली.

मघा बंडूला खांद्यावर घेतलं तेव्हा अंबाड्याच्या आकड्यात दोरा अडकून ती तिथे लटकत राहिली होती! डॉक्टरांनी झडप घातली म्हणून बरं. नाहीतर बंडू ती आता खरोखरच गिळणार होता.

मी तिथल्या बाकावर बसून रडले. मग कुसुम रडली. मग तिच्या सासूबाई हसायला लागल्या आणि आम्ही सगळ्याच पोट धरधरून हसलो. खीर जरा उशिरा भरवली गेली, पण बंडूने वाटी चाटून पुसून साफ केली. चोच सापडल्याचं मात्र गल्लीपर्यंत कधी पोचलं नाही.

परत येताना दुपटं माझ्या मांडीवर होतं, या वेळी उलटं घडी करून. घरी येऊन सगळी चित्रं उसवली. (उसवायला कष्ट पडले नाहीत.) कडा दुमडून आधी कच्चा दोरा घातला, मग सुती दोऱ्याने, कडेला धरून, बारीक टिपेने शिवलं. दोऱ्याची टोकं मागे ओढून गाठी मारल्या. सासूबाई समोरच तांदूळ निवडत होत्या. एक अक्षर बोलल्या नाहीत. असं गप्प राहायला केवढं मोठं मन लागतं! पुढे त्या दुपट्याचं मूळ कापड विरलं, पण हत्ती जागचा हलला नाही.

हल्लीची पोरं कुणाची फजिती झाली की "पोपट झाला" म्हणतात. माझ्या नातवाला वाटतं, हा शब्द त्यांच्या कॉलेजात निघाला. माझा पोपट झाला तेव्हा त्याचे वडीलही जन्मले नव्हते, आणि तोही असला तसला नाही, बिनचोचीचा!