पिशवी कोण बदलणार

माझ्या नणंदेचा मी तीन महिने हेवा केला. तोही कशावरून, तर नवऱ्याच्या पोटावरची पिशवी बदलण्यावरून. बायका दागिन्यांवरून जळतात, ते मला समजतं. माझं हे असं.

ह्यांना आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर निघाला. मुंबईला ऑपरेशन झालं, तेवढा भाग काढून टाकला आणि आतली जखम नीट भरेपर्यंत संडासची वाट पोटावरून काढून दिली. तिथे आतड्याचं लाल तोंड बाहेर दिसतं, त्यावर पिशवी चिकटवायची. भरली की हे स्वतः रिकामी करायचे. पण दर चौथ्या दिवशी जुनी काढून, कातडी धुऊन नवी लावायची, त्याला दुसरं माणूस लागायचं. नर्सने ते मला शिकवलं. पिशवीच्या चिकट चकतीला मापाचं गोल भोक कापावं लागतं. मी पेणमध्ये वीस वर्षं ब्लाऊज शिवते. माझं पहिलंच भोक बघून नर्स म्हणाली, "तुम्हाला काही सांगायलाच नको." मी केवढी फुशारले.

घरी आलो आणि बदलायच्या पहिल्याच दिवशी हे म्हणाले, "आक्काला बोलव."

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. माझ्या वन्सं. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात राहतात. आई लवकर गेली, तेव्हा ह्यांना न्हाऊमाखू घालून त्यांनीच वाढवलं. मी म्हटलं, अहो, मला येतं की. तर म्हणाले, "तू नको." बावीस वर्षांच्या संसाराला दोन शब्द पुरले.

मग दर चौथ्या दिवशी वन्सं एसटीने यायच्या. गुडघा धरत जिना चढायच्या, माझ्या हातचं पाणी प्यायच्या आणि आतल्या खोलीचं दार लावून घ्यायच्या. मी बाहेर मशीनवर बसायचे, पण मशीन चालवायचे नाही. चालवलं तर आतलं ऐकू कसं येणार? आत दोघं हसायची. माझ्याशी ऑपरेशनपासून "हो", "नको" आणि "पंखा लाव" एवढंच बोलणारा माणूस आत रोह्याच्या कंपनीतले शिफ्टचे किस्से रंगवून सांगायचा. एकदा केर काढताना वन्संनी कापून टाकलेला चकतीचा तुकडा सापडला. उंदराने कुरतडावा तसा कापलेला. दिवसभर मला बरं वाटलं.

आणि एकदा दाराआडून ऐकलं, "आक्का, वालाचं बिरडं खावंसं वाटतंय गो."

"अजिबात नाय. डॉक्टर नाय बोललाय, गॅस होतो."

हेही तिलाच सांगायचं? स्वयंपाक करते मी, आणि जिभेची इच्छा कळते तिला! वन्संची एसटी सुटली असेल नसेल, मी वाल भिजत घातले. मोड आणले, एकेक सोलला, नारळ वाटून लावला. ह्यांच्यासमोर वाटी ठेवली तेव्हा हे माझ्याकडे बघून हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. तीन वाट्या खाल्ल्या, आणि मी वाढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी टम्म फुगली आणि चकती एका बाजूने सुटली. अंथरूण, कपडे, सगळं खराब. हे धडपडत बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली. मी दारावर थापा मारतेय आणि हे आतून बहिणीला फोन लावतायत.

वन्सं फोनवर ओरडूनच बोलतात, म्हणून मला बाहेर सगळं ऐकू आलं. "मी नाय येत आज. गुडघा उचलत नाय. बायको हाय ना दाराशी? तिला घे आत."

फोन बंद झाला. नळ सुरू होता.

"उघडा," मी म्हटलं.

"तू जा. हे बघितलंस तर तुझ्याच्याने माझ्या शेजारी जेवायला बसवणार नाय."

मला राग आला आणि रडूही आलं. मग जे कधी कबूल केलं नसतं ते बोलून गेले. "बिरडं मी मुद्दाम केलं. तुमच्यासाठी नाही, वन्संवर कडी करायला. हा घोळ माझा आहे, मलाच निस्तरू द्या."

आत नळ बंद झाला. मग कडी निघाली.

हे भिंतीकडे तोंड करून उभे. मी त्यांना स्टुलावर बसवलं, पुसलं, धुतलं. कातडी लाल झाली होती. मी भोक गोल कापलं, अगदी मापाचं. "आक्का कोमट पाणी घेते," हे हळूच म्हणाले. तशातही माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण पाणी कोमट करून आणलं. चकती बसली. तळहाताच्या उबेने ती घट्ट चिकटावी म्हणून मी तिच्यावर हात दाबून धरला. ह्यांनी माझा हात काढायला लावला नाही.

ह्यांना कॉटवर निजवून अंथरूण, कपडे धुऊन काढेपर्यंत दुपार झाली. मग कागदात गुंडाळलेली जुनी पिशवी टाकायला मी बाहेरचं दार उघडलं. जिन्याच्या पायरीवर वन्सं बसल्या होत्या. येत नाही म्हणाल्या आणि फोन ठेवून तशाच निघाल्या असणार. मांडीवर पिशव्यांचं नवं पाकीट. भिंतीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या.

तीन महिने मी दाराला कान लावून बसले. आणि ही बाई दाराबाहेर बसली तर तिला झोप लागली. आत मी आहे म्हणून. इतका हेवा मला तिचा कधीच वाटला नव्हता.

"कोण हाय गो?" आतून ह्यांनी विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं, आणि दार हळूच लोटून घेतलं. पाच मिनिटं मी ह्यांच्या उशाशी बसले, एकटी. मग उठून चहाचं आधण तिघांचं ठेवलं.