फळीचा हादरा

सुताराच्या घरात हाक पायाने मारतात. टाच आपटली की फळीतून हादरा जातो आणि पलीकडच्या खोलीतलं माणूस मान वळवतं. फळ्या त्यानेच बसवलेल्या. तो जन्माचा बहिरा, बायकोही तशीच, आणि चार वर्षांची ठमीही.

डॉक्टरांनी समजावलं होतं. ठमीच्या आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या पेशी शाबूत आहेत. टिपलेला आवाज पुढे मेंदूकडे धाडणारं प्रथिन तेवढं बनत नाही. मग त्या प्रथिनाचं धड जनुक, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर लादून, तिच्या कानात सोडलं.

'मला?' सुताराने हातांनी विचारलं होतं.

सध्या लहान मुलांनाच देतात, असं उत्तर आलं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

काही आठवड्यांनी त्याने ठमीच्या पाठीमागे पातेलं आदळलं. ठमी गर्रकन वळली. तो नाचायचाच बाकी होता. त्याची धाकटी बहीण तिथेच होती. तिला ऐकू येतं, आणि बोलताना तिचे हात जिभेच्याही पुढे धावतात.

"अरे दादा, फळी हादरली म्हणून वळली ती! आधी नव्हती का वळत?"

त्याच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. हादरा न लागताही आवाज येतो, हे त्याला फक्त सांगून माहीत होतं.

तिघं खाली दगडी अंगणात गेली; तिथे फळी नव्हती, हादरा पोचत नव्हता. कोपऱ्यात वाळूचा ढीग होता; ठमी पाठमोरी बसून तो उकरू लागली. बहिणीने टाळीसाठी हात उचलले. सुताराने ते धरले. शाळेत मुलं त्याच्या आवाजाला हसली होती. तेव्हा त्याने तोंड मिटलं, ते मिटलंच.

त्याने गळ्यावर बोटं ठेवली, छाती भरून घेतली आणि हाक मारली.

"बाई गं! रेडा परवडला," बहीण म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

कारण ठमी वळली होती. पण ती आत्याकडे बघत होती. घरात तोंड हलवतं ते आत्याच.

सुतार गुडघे टेकून बसला. तिचा वाळूचा हात त्याने आपल्या गळ्यावर ठेवला आणि पुन्हा ओरडला. ठमीने त्याचा गळा पाहिला, मग तोंड. मग स्वतःचं तोंड उघडलं. त्याने तिच्या गळ्यावर बोटं टेकवली. त्यांच्याखाली तो इवलासा गळा थरथरला.

'कसा आहे?' त्याने बहिणीला खुणेने विचारलं. 'तिचा आवाज. कसा आहे?'

बहिणीचे हात वर आले, आणि तसेच राहिले.