टेकाडावर मेंढरं थांबली तेव्हा

भूत, भानामती, अंगात येणं... या विषयांवर आमच्या घरात बोलायला बंदी आहे आणि ती बंदी मीच घातलेली. दौंडला माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे अर्ज, सातबारे, वारसनोंदी हाताखालून जातात. कागद नसेल तर गोष्ट घडलीच नाही असं मानणारी मी बाई. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. पण आप्पा म्हणाले लिही, म्हणून लिहिते.

आप्पा म्हणजे माझे वडील. माहेर न्हावऱ्याजवळच्या एका वस्तीवर. आम्ही धनगर. मेंढरं आप्पांच्या आजोबांच्या काळातच गेली, आता ऊस, कांदा आणि चार गायी. तरीही बांधावरून भांडण झालं की समोरचा पहिल्या वाक्यातच आम्हाला 'उपरे' म्हणून मोकळा होतो. आप्पा गप्प ऐकून घ्यायचे आणि मग दोन दिवस धड जेवायचे नाहीत.

गेल्या वर्षी वस्तीवरच्या देवळाला नवा सभामंडप झाला. ज्या घराण्यांनी वस्ती वसवली त्यांची नावं दगडावर कोरायची ठरली. यात्रा कमिटीचे तात्या तसे भले माणूस, पण जीभ तिखट. भर मीटिंगमध्ये म्हणाले, "आप्पा, तुमचं मागनं बघू. तुम्ही मेंढरामागनं आल्याली मानसं. कागद असंल तर आना."

आप्पांनी मला फोन केला. एवढंच म्हणाले, "पोरी, कागद तुझ्या हातातलं काम हाय."

झालं! दुकान नवऱ्यावर सोपवलं आणि शिरूरच्या रेकॉर्ड रूमला माझ्या चकरा सुरू झाल्या, मग पुण्याला. मोडी मी हौसेनं शिकले होते, ती कामी आली. आप्पांना पिढ्या तोंडपाठ होत्या, पण त्या खंडू नावाच्या पूर्वजापाशी थांबायच्या. कागदातही खंडू सापडला. 'खंडू बिन मलू', म्हणजे मलूचा मुलगा. त्याच्या मागे मात्र सगळा अंधार. मलूच्या नावावर जमीन नाही, घर नाही, काहीच नाही. आणि तात्यांचे पूर्वज खंडूच्या आधीपासून वस्तीवर दिसत होते. म्हणजे तात्यांचंच खरं!

हे आप्पांना तोंडानं सांगायचं म्हणून मी माहेरी गेले. दिवाळी नुकतीच झाली होती. त्या दिवसांत पारनेरकडचे मेंढपाळ नदीकाठाला उतरतात आणि खतासाठी लोक त्यांची मेंढरं वावरात बसवून घेतात. आप्पांनीही बिरू नावाच्या मेंढपाळाला बोलावलं होतं. सकाळची वेळ, लख्ख ऊन पडलेलं. मी आणि आप्पा बांधावर उभे होतो, बिरू कळप घेऊन ओढ्याच्या कडेनं येत होता. 'आप्पा, सोडा आता' हे वाक्य माझ्या अगदी ओठावर होतं.

ओढ्याच्या वळणावर एक खडकाळ टेकाड आहे. कळप तिथं आला आणि... हाक आली. जीभ टाळूला लावून काढलेली, लांब, चढत जाणारी. बाईचा गळा. मी स्पष्ट ऐकली. सगळा कळप जागच्या जागी थांबला आणि बघता बघता टेकाडाभोवती गोल करून खाली बसला. बिरूचं कुत्रंसुद्धा शेपूट हलवत बसलं.

बिरू हाका मारून दमला. एक मेंढरू उठेना. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुम्ही हाळी दिली का?"

मी? माझ्या दुकानातला प्रिंटरसुद्धा माझं ऐकत नाही.

"मग तुझी बायको असंल," आप्पा म्हणाले.

"न्हाई वं आप्पा. बिऱ्हाड घोड्यावर घालून ती सकाळीच नदीपल्याड गेली, राहू गावाच्या अंगाला." बिरूनं पागोटं काढून हातात घेतलं. "आमची मेंढरं परक्याच्या हाळीला कवाच थांबत न्हाईत. तुमच्यात बाया मेंढरं वळायच्या का?"

आप्पा टेकाडाकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "बाईमानूस हाय," ते म्हणाले. "आन् आपन कागदात बापय हुडकत बसलो."

मी वारा म्हटलं, ओढ्याचा घुमारा म्हटलं. थोड्या वेळानं मेंढरं आपणहून उठली आणि आमच्या वावरात गेली.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा पुण्याला गेले. जुन्या मोडी नोंदींत बाईच्या नावापुढे 'कोम' लिहून नवऱ्याचं नाव लिहितात. त्या ओळी मी तोवर ओलांडून जात होते, सगळेच ओलांडतात. या वेळी फक्त त्याच वाचल्या. आणि ती सापडली. चिमी कोम मलू धनगर. नवरा मयत, पदरी खंडू नावाचा मुलगा. ओसाड जागेवर मेंढरांचा वाडा घालून तिनं पहिली घरं उभी केली, जागा ओढ्याच्या वळणावरच्या टेकाडाची. तात्यांचं घराणं त्यानंतरच्या नोंदीत येतं. मला इतका अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता, दुकानाच्या उद्घाटनालासुद्धा नाही.

तात्यांनी कागदाची नक्कल ठेवून घेतली. दुसऱ्या मोडीवाल्याकडून वाचून आणली आणि मीटिंगमध्ये स्वतः उभे राहिले. "पहिली ओळ आप्पांच्या घराची. आमची तिच्याखाली," म्हणाले. मग आप्पांना विचारलं, "मलू धनगर असंच कोरायचं ना?"

"मलू तवा मेला व्हता," आप्पा म्हणाले. "वस्ती तिनं वसवली. तिचंच घाला. चिमाबाई."

त्या सकाळची हाक कोणाची, हे मला आजही सांगता येत नाही. बिरूला फोन करून पुन्हा विचारलं, तो तेच सांगतो. आप्पांना बांधावर उभं करून मी स्वतः ओढ्यावर जाऊन ओरडून पाहिलं, त्यांना काही धड ऐकू आलं नाही. माझ्याजवळ याचा कागद नाही आणि आता मला तो नकोही आहे. परवा न्हावऱ्याच्या स्टँडवर आम्ही एसटीची वाट बघत होतो. शेजारच्या माणसानं सहज विचारलं, "आप्पा, तुमचं मूळ गाव कुठलं?" यावर आप्पा नेहमी खाली बघून 'वरल्या अंगाचं' असं काहीतरी पुटपुटायचे. त्या दिवशी त्यांनी काठी टेकली, मान वर केली आणि म्हणाले, "हितलंच. आमच्या आईनं वसवलंय."