मैना का थांबली

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. परवा भाचीच्या साखरपुड्यात दादा पुन्हा मैनेला दगाबाज म्हणाला आणि मी जिलबी खात मान डोलावली. तेव्हापासून माझाच मला संताप येतोय.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मैना म्हणजे आमची घोडी. बैलगाडा शर्यतीत ती घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, बैलांच्या पुढे पळायची, आणि तिच्यामागे बैल जीव खाऊन धावायचे. शर्यती बंद होत्या तेव्हा मी मारुंजीत आयटीवाल्यांच्या मुलांसाठी सवारीचा क्लास काढला आणि तिला नव्यानं शिकवायला घेतलं. शिकवणार कसलं — वर्षानुवर्षं लगाम खेचून आम्हीच तिचं तोंड बधिर केलं होतं. दोन्ही हातांनी ओढलं तरी ही पुढेच. मग मी ओढणं सोडलं. अंग सैल करायचं, वजन मागे टाकायचं, श्वास सोडायचा. ती जरा थबकली की मानेवर थाप. फार दिवस लागले. पण शेवटी चौथीतली पोरगीसुद्धा नुसती मागे रेलून तिला जागच्या जागी उभी करायची. आयुष्यात मी धड केलेलं ते एकच काम.

मग शर्यती परत सुरू झाल्या. दादा तेव्हा चाकणला कंपनीत लाईनवर होता. शिफ्ट संपवून तो थेट आला आणि शर्यतीला न्यायला मैनेचं दावं सोडायला लागला. मी आडवा गेलो.

"घोडी घरची हाय, तुझ्या एकट्याची न्हाई," तो क्लासच्या पालकांसमोर म्हणाला. "पोरं खेळवून बिघडवलीस तिला. घाटात निघाली की सुधरंल."

काहीजण हसले. मी जळून खाक झालो. तो तिला घेऊन गेलाच; घाटात तिच्यावर तोच बसणार होता.

आता — इथेच माझी जीभ अडते. घाटात पुढे पळणारा स्वार एकदा तरी वळून बघतोच, बैल किती जवळ आले ते. वळला की वजन मागे जातं. हे मला ठाऊक नव्हतं? पक्कं ठाऊक होतं. 'दादा, मागं बघू नको' — एवढंच म्हणायचं होतं. शर्यतीच्या सकाळी मी त्याच्यासोबत मिसळ खाल्ली, तरी म्हणालो नाही. विसरलो नव्हतो. मला तो पडायला हवा होता. फार नाही, थोडासाच, सगळ्यांसमोर, मातीत.

अर्ध्या घाटात त्यानं मागे पाहिलं. मैना थांबली, शिकवलं होतं तशी. मागून भरधाव बैल आणि गाडा आला.

दादाचा गुडघा कायमचा गेला. उभ्यानं करायचं काम सुटलं. दवाखान्यात त्यानं मला विचारलं, "का थांबली रं ती?"

मी म्हणालो, "उलट्या काळजाचीच हाय ती."

घरच्यांनी मैनेला विकलं. टेम्पो बघून ती बिथरली, घेणाऱ्याला आवरेना. त्यानं काटेरी लगाम बाहेर काढला. मी तिच्या शेजारी उभा राहिलो, खांदे सैल सोडले, श्वास सोडला. ती लगेच शांत झाली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

मग तो लगाम तिच्या तोंडात मीच चढवला.