आधी बर्फ काढ

मनुबाई भोईर आमच्याकडे बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी मासे घेऊन येत असे. १९८०च्या माझ्या डायरीत तिची पहिली नोंद आहे: 'नवी कोळीण. बोंबील बारा, रुपये चार. बरोबर मुलगी. मुलीने एक वर टाकला, आईने तो परत काढून घेतला.'

ती मुलगी म्हणजे शीला. तेव्हा बारा वर्षांची होती. आई पाटी उतरवून उंबऱ्याशी बसली की ही शेजारी उकिडवी बसायची आणि सुट्टे पैसे मोजून द्यायची. डोंबिवली पश्चिमेला खाडीकाठी त्यांचं घर होतं. वडील गुणाजी मालवाहू जहाजावर खलाशी होते. ते शीला दहा वर्षांची असताना वारले. घरी त्यांनी बंदराबंदरांतून पाठवलेली चित्रांची पोस्टकार्डं होती. बँकॉक, पेनांग, सिंगापूर आणि शेवटचं सुराबायाचं.

शीला दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आणि मानपाड्याजवळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी हातांना आम्लाचा वास. मनुबाई म्हणायची, "माझ्या हाताला म्हावऱ्याचा वास, हिच्या हाताला औषधाचा. आमच्या घरात कोन जेवायला येणार सांग, बाय!"

१९९४च्या ऑक्टोबरात एका रविवारी शीला एकटीच माझ्याकडे आली. हातात एक जाड इंग्रजी पुस्तक होतं आणि एक लांब वही. पुस्तक आग्नेय आशियात कमी पैशांत कसं फिरावं याचं होतं. फोर्टच्या फुटपाथवर तिने ते साठ रुपयांना घेतलं होतं. आवृत्ती गेल्याच वर्षीची होती.

"काकू, मला जायचंय," ती म्हणाली.

"कुठे?"

"बाबांची पोस्टकार्डं आहेत तिथे. बाबा म्हणायचे, मी नुसतं बंदर बघितलं, गाव नाही. जहाज लागलं की माल उतरवा, माल चढवा, निघा. मला गाव बघायचंय."

तिचं सगळं ठरलं होतं. जुनी नोकरी ३१ डिसेंबरला संपत होती. शहाडच्या नव्या कंपनीने तिला ३ एप्रिलला रुजू व्हायला सांगितलं होतं, कारण तिथल्या प्रयोगशाळेचं बांधकाम अजून चालू होतं. मधले तीन महिने मोकळे होते. नंतर वर्षाला पंधरा दिवसांची रजा, आणि लग्न झालं की तीही सासरच्या लग्नकार्यांत जाणार. म्हणजे जायचं तर आत्ताच. सहा वर्षांत साठवलेले चव्वेचाळीस हजार रुपये तिच्या नावावर होते. आईच्या सोन्याला हात लावायचा नाही आणि कुणाकडून उसने घ्यायचे नाहीत, ही तिचीच अट. एवढ्यात बसलं तर जाणार, नाही तर नाही.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"तुम्ही वाचून दाखवा. मला इंग्रजी येतं, पण हे पुस्तक गमतीत लिहिलंय. खरं काय आणि थट्टा काय, ते कळत नाही. शिवाय तुम्हाला हिशेब ठेवायची सवय आहे."

माझं शिक्षण ठाण्याला नन्सच्या शाळेत झालं. रोज झोपायच्या आधी दिवसाचं पान लिहायची शिस्त तिथली. लग्न झालं, मुलं झाली, १९८७ साली हे गेले, पण डायरी चुकली नाही. तेव्हा हे काम मला जमण्यासारखं होतं.

पुढचे आठ रविवार आम्ही दुपारी तीन ते पाच बसत होतो. मी वाचायची, ती लिहायची. खोली किती, जेवण किती, गावातली बस किती. थायलंडचा बाट, मलेशियाचं रिंगीट, इंडोनेशियाचा रुपिया, सिंगापूरचा डॉलर. अमेरिकन डॉलर तेव्हा एकतीस-बत्तीस रुपयांना होता, त्यावरून ती भराभर गुणाकार करायची. मनुबाई कधी कधी पाटी रिकामी करून येऊन बसायची आणि ऐकत राहायची.

"लोकांच्या पोरी लग्नाला उभ्या राहतात," ती म्हणायची, "ही आमची इमानाला उभी राहिलीय."

"आई, विमानात बसतात गं," शीला म्हणायची.

"बस बस. पाठीवर पिशवी घेऊन बस. मी डोक्यावर पाटी घेऊन तीस वर्षं फिरले, मना कोनी पुस्तक नाय लिहिलं."

नोव्हेंबरच्या शेवटी शीलाने येण्याजाण्याचं विमानाचं तिकीट काढलं. मुंबईहून बँकॉक, परत सिंगापूरहून मुंबई, साडेसोळा हजार रुपये. २ जानेवारीला जायचं, २६ मार्चला यायचं. एकूण चौऱ्याऐंशी दिवस. सगळं धरून तिच्या वहीत बेरीज आली सदतीस हजार वीस. म्हणजे जवळजवळ सात हजार शिल्लक. ती खूश होती. मीही होते.

११ डिसेंबरच्या रविवारी मी सहज म्हटलं, एकदा ताळा करून बघू. मी वाचलेले आकडे त्या त्या दिवशी माझ्या डायरीतही लिहीत होते. वाचलेलं टिपून ठेवायची सवय, दुसरं काही कारण नव्हतं. तिची वही आणि माझी डायरी मी शेजारी शेजारी ठेवल्या.

"शीला, पेनांगला खोली साडेतीन रिंगीट लिहिली आहेस. मी सात वाचलं होतं."

"हो काकू. सात तो सांगणार. मी साडेतीनला घेणार."

"आणि बँकॉकची शंभर बाटची?"

"पन्नास."

"तू सगळंच अर्धं लिहिलंस?"

"मग? पुस्तकात छापलाय तो सांगायचा भाव. घ्यायचा भाव वेगळाच असणार ना! आई चाळीस सांगते, गिऱ्हाईक वीसला घेतं. तुम्हीच नाही का घेत?"

मला हसू आलं, कारण ते खरं होतं. पण पान उलटलं आणि हसू गेलं.

"बँकॉकहून पेनांगला जाणारी रेल्वे. तिचं तिकीटही अर्धं?"

शीलाने पेनचं टोपण लावलं.

"व्हिसाची फी?"

तिने वही स्वतःकडे ओढली. बोट ओळीवरून खाली खाली जात होतं. जहाजाचं तिकीट अर्धं, जावातल्या लांब पल्ल्याच्या बसचं अर्धं, व्हिसा अर्धा. आठ रविवार तिचा हात आपोआप अर्धं लिहीत आला होता. विमानाचं तिकीट आणि अडीअडचणीचे तीन हजार तेवढे पूर्ण होते, कारण तिकीट खिडकीवर पैसे मोजून घेतलं होतं आणि अडीअडचणीला छापील भाव नव्हता.

मनुबाई दाराशी बसून तंबाखू मळत होती. "रेल्वेवाला काय म्हावऱ्याचं वाटं लावून बसतं का गो?" ती म्हणाली. "व्हिसावाल्या सायबाला काय सांगशील, दादा, नीट लाव?"

शीला हसली नाही. मी नव्याने बेरीज केली. चोपन्न हजार पाचशे चाळीस. साडेदहा हजारांची तूट. तिकीट काढून झालेलं होतं आणि ते परत केलं तर निम्मे पैसे बुडत होते.

मी म्हटलं, "दहा हजार मी देते. सावकाश फेड."

"नको काकू. ठरलंय ते ठरलंय." मग वही बंद करत ती म्हणाली, "तिकीट परत करते. बसत नाही एवढ्यात."

माझ्या डायरीत झालेल्या खर्चाचा हिशेब असतो. व्हायच्या खर्चाचा मी कधी केला नव्हता.

मनुबाईने तंबाखू तोंडात टाकली आणि हात झटकले. "पैसं किती हायत तुझ्याकडं? आधी ते सांग."

"तिकिटाचे धरून चव्वेचाळीस हजार."

"आधी बर्फ काढ."

"कसला बर्फ?" शीलाने विचारलं.

"मी सकाळी बंदरावर जाते. पाटी घेते. सगळ्यात आधी बर्फाचं पैसं, टेम्पोचं पैसं, बाजारात बसायची पावती, हे कमरेला वेगळं बांधते. त्याला कोनी सोडत नाय, तिथं भाव नाय चालत. मग उरलं त्याचं म्हावरं घेते, त्याचं वाटं लावते. वाटा बारीक लावायचा का मोठा, ते माझ्या हातात. तू उलटं केलंस. आधी वाटं लावलंस, बर्फ मागून आठवला."

शीलाने वही पुन्हा उघडली. कोऱ्या पानावर वर लिहिलं, 'बर्फ'. विमान साडेसोळा हजार. व्हिसा तीन हजार आठशे. रेल्वे, जहाज, मोठ्या बस पाच हजार दोनशे. अडीअडचणीला तीन हजार. एकूण अठ्ठावीस हजार पाचशे. दिवस कमी करायचे तर परतीची तारीख बदलायला तिकिटाचा एजंट साडेसातशे घेणार होता, तेही बर्फातच. उरले चौदा हजार सातशे पन्नास.

"आता वाटा केवढा?" मनुबाईने विचारलं.

मी म्हटलं, "पुस्तकाप्रमाणे खोली, जेवण, गावातलं फिरणं मिळून दिवसाला तीनशे दहा."

"काकू, एकशे पंचावन्नमध्ये मी करते."

"नाही होणार."

"दोनशे."

"शीला, आजारी पडशील."

"अडीचशे," मनुबाई म्हणाली. "दोघींचं नको, माझं ऐका. पोर कोळणीची हाय, साठ रुपयं तर सोडवून घेईल."

अडीचशेने भागलं. बरोबर एकोणसाठ दिवस आले. २ जानेवारी ते १ मार्च. शीलाने भागाकार दोनदा केला. मग म्हणाली, "थायलंडचे दिवस कमी करते. सुराबाया ठेवते."

२ जानेवारीला ती गेली. पाठीवरची सॅक मी स्वयंपाकघराच्या काट्यावर दोन खेपांत तोलली होती, नऊ किलो. त्यात मनुबाईने दिलेली सुकटीची पिशवी होती. विमानतळावर मनुबाई गेली नाही, शुक्रवारसारखा धंदा सोमवारीही बुडवायचा नाही म्हणाली. पण त्या दिवशी सकाळी ती वार नसताना माझ्याकडे आली आणि अर्धा तास पाटीशिवाय बसून गेली.

पहिलं पोस्टकार्ड पेनांगहून, १९ जानेवारीचं: 'खोली सात सांगितली, पाचला घेतली. रेल्वेत भाव केला नाही.' दुसरं योग्याकार्ताहून: 'दोन दिवस ताप होता. अडीअडचणीतले चारशे गेले. आईला सांगू नका.' मी सांगितलं नाही. मनुबाईला वाचता येत नसल्यामुळे ते सोपं गेलं, तरी बरं वाटलं नाही.

१ मार्चला ती ठरल्याप्रमाणे परत आली. शुक्रवारी मायलेकी दोघी माझ्याकडे आल्या. शीला काळवंडली होती, बारीक झाली होती. वही माझ्या हातात दिली. एकोणसाठ दिवसांची एकोणसाठ पानं, शेवटी रोजच्या अडीचशेंतून शिल्लक एकशे बारा रुपये.

"आणि सुराबाया?" मी विचारलं.

"बंदरात सोडलंच नाही काकू. फाटकावर पहारेकरी. मी बाबांचं पोस्टकार्ड दाखवलं, त्यांचं नाव सांगितलं, तो हसून नाही म्हणाला. मग मी गावातच फिरले. चार दिवस. बाबांनी बंदर बघितलं होतं, गाव राहिलं होतं. तेवढं बघून आले."

मनुबाई बोंबील निवडत होती. मान वर केली नाही. "कसं हाय गाव?"

"मासळीबाजार आपल्यासारखाच. बायका वाटे लावून बसतात. एक म्हातारी होती, तिच्याकडून एक वाटा घेतला आणि खोलीच्या मालकिणीला शिजवायला दिला."

मी वहीत ते पान काढलं. 'सुराबाया, मासे, तीन हजार रुपिया.' आपले त्रेचाळीस रुपये. खोलीचं भाडं सोडलं तर त्या पानावरचा सगळ्यात मोठा खर्च तोच होता.

"कितीला सांगितला?" मनुबाईने विचारलं.

"तीन हजार."

"आन् दिलंस किती?"

"तीन हजार."

मनुबाईचा हात थांबला. "सांगितला तोच भाव दिलास? कोळणीची पोर तू?"

"भाव करवेना गं. आणि तिने वर एक टाकला. मी मागितला नव्हता."

"न मागता?"

"न मागता."

मनुबाईने एक बोंबील उचलला, उलटा करून बघितला आणि परत पाटीत ठेवला.

"मग तिचा धंदा नाय चालायचा," ती म्हणाली.