मोटरीला धक्का देण्याची पद्धत

मोटरीखाली शिरण्यापूर्वी ती पक्की उभी आहे, हे ओळखावे कसे? या प्रश्नाचे उत्तर मला अमरावतीच्या आमच्या शेजाऱ्यांकडे मिळाले. ते वकील होते आणि आपली जुनी मोटर अंगणात स्वतःच दुरुस्त करीत. साक्षीदारावर नसे, तसा जॅकवरही त्यांचा विश्वास नसे. मागच्या चाकांना दगड लावून ते मोटर पुढून उचलीत, आसाखाली सागवानी ठोकळे देत आणि मग पत्नीस हाक मारीत.

"अवं, ये. काढ राग."

"गड्याले सांगा नं."

"गडी मालकाची मोटर जपून ढकलते. तू नाही जपत."

वहिनी पदर खोचून बाजूने धक्का देत. मोटर ढळली नाही, तरच वकीलसाहेब खाली शिरत.

एके दिवशी सड्याने काळी माती मऊ झाली होती. वहिनींनी धक्का देताच ठोकळे कलंडले आणि मोटर धाडकन खाली आली. वकीलसाहेब मोटरीखालच्या आपल्या निजण्याच्या जागेकडे पाहत राहिले.

"एवढा राग कायचा वं?"

"तेल्हाऱ्याले माहेरी नेतो म्हनता, अन् दिवाळी निंगून गेली."

त्यांनी मोटर पुन्हा उचलली, ठोकळ्यांखाली रुंद फरशा घातल्या आणि विचारले, "उरला काय अजून?"

"लय हाये."

या वेळी मोटर ढळली नाही. ते खाली शिरले. दुसऱ्या दिवशी दोघे तेल्हाऱ्यास गेले.

वाचकांनी केवळ माझ्या शब्दावर विसंबू नये. मोटरीखाली कोणी नसताना धक्का देऊन स्वतः खात्री करावी. धक्का देणारे माणूस मात्र रागावलेले असावे.