चंपतच्या पायाला लावलेली भिवापुरी

चंपत गजभिये मिरची खायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो, हे आधीच कबूल करून टाकतो.

पोलाद कारखान्याच्या कॉलनीत, सेक्टर सहामध्ये, कुणाचं लग्न असो की बाळाचं नाव ठेवणं असो, जेवणं झाली की कोणीतरी ओरडायचं, "चंपत, होऊन जाऊ दे!" मग कोक ओव्हनच्या भट्टीवर राबणारा हा गडी मांडी घालून बसायचा आणि भिवापूरची लाल सुकी मिरची देठासकट चावायचा. एकामागून एक. डोळ्यांत टिपूस नाही. मी झाडीपट्टीच्या नाटकांत पस्तीस वर्षं खोटं विष पिऊन मेलो, पण प्रेक्षकांना असं गप्प करणं मला कधी जमलं नाही.

घरी त्याच्या समोर बायको शेवंता एकटीच असायची. भाजी जरा कमी तिखट झाली की ताट दाराबाहेर जायचं. "हे का दवाखान्याचं जेवण आहे का वं?" ती आणखी मिरची घालायची. स्वतः मात्र ताक-भात खायची, कारण तिचं पोट जळायचं.

रिटायर झाल्यावर तो कॉलनीबाहेर जुनवानीत माझ्या शेजारी राहायला आला. साखर वाढलेली होतीच. गेल्या वर्षी तळपायांची आग सुरू झाली. त्याला चिंता एकच. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन सर्वांत पुढे तोच चालायचा, एकतीस वर्षं. जयंती समितीचे भय्याजी सांगून गेले होते, "पाय चालत नसंल तर सांग भाऊ, दुसरा पाहू." हे त्याच्या फार जिव्हारी लागलं.

डॉक्टरांनी मलम दिलं. "यात मिरचीतलाच तिखटपणा आहे, कॅप्सेसिन म्हणतात. अगदी थोडा. रोज लावा, तीन-चार आठवड्यांनी आग कमी होईल. जखमेवर लावू नका, वरून काही बांधू नका. आणि पाय रोज तपासा."

मिरवणुकीला वीस दिवस उरले होते. चंपतने एवढ्या सगळ्यातला मिरची हा एकच शब्द घरी आणला.

"मास्तर, ऐकलं का? माह्याच मिरचीची दवा! अन् ही ट्यूब पाहा, करंगळीएवढी. महिना लागते म्हणे. आपली भिवापुरी चार दिवसांत काम करते."

"डॉक्टरनं थोडीशीच सांगितली ना," शेवंता म्हणाली.

"त्या डॉक्टरले वांग्याच्या भाजीनं घाम सुटत असंल. तू वाट."

तिनं मिरच्या भिजवून वाटल्या, जवसाच्या तेलात कालवल्या आणि उघड्या हातांनी त्याच्या दोन्ही तळपायांना थापल्या. वर फडकं, त्यावर मोजा. मी समोर खुर्चीत बसलो होतो. चंपतने भुवईसुद्धा हलवली नाही, आणि मी, जुन्या सवयीनं, टाळी वाजवली.

डाव्या पायाला थोडं चुरचुरलं, तो त्यानं दुसऱ्याच दिवशी धुऊन घेतला. उजव्यावर जुना लेप न काढता रोज नवा चढत गेला. शेवंता ताकाच्या गंजात हात बुडवून बसायची.

"माह्ये हात जळून राहिले. तुमाले खरंच काही होत नाही?"

"काईच नाही. पाणी लावल्यावानी वाटते. अजून थाप."

"कावून होत नाही पण?"

"तुह्ये हात बाईचे हात. ह्या पायानं कोक ओव्हन तुडवला."

पाचव्या दिवशी तिला वास आला. फडकं पूर्ण सोडून तळपाय बघते म्हणून ती खाली वाकली, तर त्यानं त्याच पायानं तिला ढकललं. तिचं डोकं पलंगाच्या कडेवर आपटलं. पायाला तेही कळलं नाही.

सहाव्या दिवशी ताप चढला. दवाखान्यात फडकं सोडलं तेव्हा कातडी त्याच्यासोबत आली. बोटं काळी पडलेली. डॉक्टर म्हणाले, "मिरचीनं पाय भाजला. पण भाजल्याचं सांगणारी नस साखरेनं आधीच मारली होती. आग होत नाही म्हणजे ताकद आहे, असं समजलात तुम्ही." गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

चौदा एप्रिलला मुलानं, विक्कीनं, वॉर्डात मोबाईलवर मिरवणूक दाखवली. सर्वांत पुढे झेंडा घेऊन भय्याजी. चंपतने ते दोनदा पाहिलं. मग निळे फेटे घातलेले आठ-दहा लोक पेढे घेऊन आत आले.

"जय भीम, चंपतभाऊ. कसं झालं हे?"

चंपतने शेवंताकडे बोट केलं. "हिनं केलं. मिरची थापली पायाले. अनपढ बाई."

"मम्मी, आप भी ना!" विक्की म्हणाला. "दिमाग तो लगाना था."

मी उठलो. "चंपत, वाटायला तूच लावलीस. मी समोर होतो."

"मास्तर नाटकवाले आहेत," तो पाहुण्यांना म्हणाला. "डायलॉग मारून राहिले."

सगळे हसले. कापलेल्या पायाशी उभे राहून हसले.

शेवंताच्या बोटांची सालं निघत होती. तिनं माठातून ग्लास भरला आणि भय्याजींपुढे धरला. त्यांनी हात मागे घेतला. "वहिनी, धुतले ना हात? आमाले दोन्ही पाय पाहिजेत."

पुन्हा हशा. या वेळी चंपतही हसला.

तिनं हात पदराला पुसले आणि ग्लास पुढच्या माणसापुढे धरला.